शेळी गाभडली किंवा व्याली, तर जंतू कुठून बाहेर पडतात आणि गोठ्यात नेमकं काय करायचं

पहाटे चारच्या सुमाराला चंद्रीचा आवाज वेगळा आला म्हणून मोबाइलची बॅटरी लावून मी गोठ्यात गेले. पहिलटकरीण शेळी, चार महिन्यांची गाभण. लेंड्यांवर दोन करडं पडलेली, अंगावर जेमतेम लव. मागे वार, म्हणजे करडामागून पडणारी जार, लोंबत होती, जाडसर आणि तपकिरी, नेहमीसारखी चकचकीत नाही. मी पदर खोचला, उघड्या हातांनी वार ओढून काढली, टोपलीत घातली आणि उजाडल्यावर उकिरड्यावर टाकून आले. पाइपाने जोरात पाणी मारून गोठा धुतला. दुपारी चंद्रीला बाकीच्या शेळ्यांबरोबर चरायला सोडलं.

यातली एकही गोष्ट करायला नको होती, हे पुढच्या तीन महिन्यांत कळत गेलं. वार कुत्र्याने ओढत शेजारच्या वाड्यापर्यंत नेली. आमच्या अठरा शेळ्यांपैकी आणखी चार गाभडल्या, म्हणजे दिवस भरायच्या आधीच त्यांनी गाभ टाकला. सव्वा महिन्याने मला रोज संध्याकाळी ताप भरायला लागला, रात्री घामाने उशी भिजायची, कंबर धरायची. महिनाभर टायफॉइडचे उपचार झाले. मग एका डॉक्टरांनी विचारलं, "घरी शेळ्या आहेत का?" तो ताप शेळ्यांचा निघाला.

शेळ्या-मेंढ्या पाळणाऱ्या घरांत हे होऊ नये म्हणून लिहिते आहे. एक गोष्ट आधी मनात पक्की करा. जंतू टाकणारं जनावर आजारी दिसेलच असं नाही, बहुतेक वेळा ते धडधाकटच दिसतं. त्यामुळे जनावराचा चेहरा पाहून काळजी घ्यायची नसते, दिवस पाहून घ्यायची असते. आणि सगळ्यात मोठा दिवस विण्याचा.

जंतू बाहेर पडायच्या वाटा

गाभडवणारे तीन जंतू आपल्या कामाचे आहेत. पहिला ब्रुसेला मेलिटेन्सिस. पशुवैद्यक याच्या रोगाला सांसर्गिक गर्भपात म्हणतात, माणसाला होतो तो माल्टा ताप. दुसरा कॉक्सिएला बर्नेटी, याच्यामुळे क्यू ताप येतो. तिसरा क्लॅमिडिया. तिघांचंही आवडतं ठिकाण म्हणजे गाभण शेळीची वार. तिथे ते वाढतात आणि शेळी विते तेव्हा वार, गर्भजल, रक्त आणि नंतर येणारा मायांगातला स्राव यांच्याबरोबर एकदम बाहेर पडतात. कॉक्सिएलाच्या बाबतीत एका ग्रॅम वारेत १०० कोटीपर्यंत जंतू सापडतात आणि माणसाला आजारी पाडायला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके पुरतात. एक ग्रॅम म्हणजे नखावर मावेल एवढा तुकडा. मी संबंध वार हातात धरली होती.

दुसरी वाट दुधाची. ब्रुसेला शेळीच्या कासेत घर करतो आणि दुधातून महिनोनमहिने, कधी कधी पुढच्या वेतातही येत राहतो. रोज येईलच असं नाही, मध्येच थांबतो आणि पुन्हा सुरू होतो. म्हणून एकदा दूध तपासून "काही नाही" आलं, तर त्यावर निर्धास्त होऊ नका.

तिसरी वाट लेंड्यांची. कॉक्सिएला लेंडीतूनही पडतो. साल्मोनेला आणि ई. कोलाय तर शेणालेंडीचेच जंतू. जोन्स रोगाचा जंतू, म्हणजे शेळी खाते पण वाळत जाते तो रोग, करडाच्या पोटात लहानपणी घाणेरड्या सडातून (पायांखालच्या लेंडी-काडाच्या थरातून) किंवा पाण्यातून जातो आणि शेळी दोन-तीन वर्षांची झाल्यावर दिसतो. तोवर ती आपल्या डोळ्यांदेखत जंतू टाकत असते.

बाकीच्या वाटा थोडक्यात सांगते. लघवीतून लेप्टोस्पायरा. मानेजवळ, कानाखाली येणारी गाठ फुटली की तिच्या पांढऱ्या घट्ट पुवातून गाठींच्या रोगाचे जंतू, आणि ते मातीत महिने टिकतात. खूर सडलं असेल तर खुरांमधून. बोकडाच्या वीर्यातूनही ब्रुसेला येऊ शकतो, म्हणून गावचा एकच बोकड सगळ्यांच्या शेळ्या फळवत असेल तर त्याचं रक्त सगळ्यांत आधी तपासून घ्या.

धडधाकट शेळीवर विश्वास का ठेवायचा नाही

भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटावर ब्रिटिश सैनिक वर्षानुवर्षं या माल्टा तापाने पडत. १८८७ मध्ये डेव्हिड ब्रूस यांनी जंतू शोधला, पण तो येतो कुठून ते कळेना. १९०५ मध्ये थेमिस्टोक्लिस झामिट यांनी बेटावरच्या शेळ्यांचं रक्त तपासलं. शेळ्या तजेलदार होत्या, दारोदार फिरून दूध देत होत्या, आणि जंतू त्यांच्यातच होता. १९०६ मध्ये सैनिकांना शेळीचं कच्चं दूध बंद केलं आणि ताप झपाट्याने उतरला.

दुसरी गोष्ट अलीकडची, नेदरलँड्सची. तिथल्या नूर्ड-ब्राबांट प्रांतात दुधाळ शेळ्यांचे मोठमोठे फार्म आहेत. २००७ ते २०१० या काळात तिथे ४,००० हून अधिक लोकांना क्यू ताप झाल्याची नोंद झाली. त्यातल्या बहुतेकांनी शेळीला हातसुद्धा लावला नव्हता. ते फार्मच्या आसपास राहत होते, एवढंच. गाभडलेल्या शेळ्यांच्या वारेतले जंतू सडात मिसळले, सड वाळला, धूळ झाली आणि वारा ती गावात घेऊन गेला. शेवटी सरकारला ५० हजारांहून जास्त गाभण शेळ्या माराव्या लागल्या. आपले गोठे लहान असतात हे खरं, पण आपल्या गोठ्याला लागूनच आपलं स्वयंपाकघर असतं.

व्यायच्या तीन आठवडे आधी

शेळी फळवली ती तारीख भिंतीवर किंवा वहीत लिहा. त्यात १५० दिवस मिळवा. तारीखच माहीत नसेल तर कास भरायला लागली की समजा. अंदाजे तारखेच्या तीन आठवडे आधी त्या शेळीची जागा ठरवून ठेवा. पाच बाय चार फुटांचा कोपरा पुरतो, बाकीच्या शेळ्यांच्या गव्हाणीपासून आणि पाण्यापासून लांब. मध्ये बांबूचा तट्टा किंवा जुनं पत्र्याचं दार उभं केलं तरी चालतं. मुद्दा एवढाच की तिच्या खालचं पाणी वाहत दुसऱ्या शेळ्यांच्या पायांखाली येऊ नये.

त्या कोपऱ्यात जमिनीवर खताची रिकामी प्लास्टिकची पोती आणि वर गोणपाट किंवा काड टाका. ही युक्ती मला एका पशुधन पर्यवेक्षकांनी सांगितली आणि मी ती कधी सोडली नाही. शेळी व्याली की वार, पाणी, रक्त, भिजलेलं काड सगळं त्या पोत्यासकट उचलता येतं, जमिनीत मुरत नाही.

दाराआड एक पिशवी टांगून ठेवा. तिच्यात कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, दोन एन-९५ मास्क, चार जाड प्लास्टिकच्या पिशव्या, सुतळी, ब्लीचिंग पावडरचा डबा आणि साबण. पहाटे चार वाजता शोधाशोध करायची वेळ येते तेव्हा माणूस उघड्या हातांनीच काम उरकतो. मी तेच केलं होतं.

खड्डाही आधीच खणून ठेवा. चार फूट खोल, विहीर-बोअर-ओढ्यापासून लांब, शेजारी चुन्याचं पोतं. शेळी विण्याच्या आदल्या दिवशी कोणी खड्डा खणत नाही आणि व्यायल्यावर तर अजिबात नाही, हे आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे.

विण्याची रात्र

नीट विणाऱ्या शेळीलाही हेच नियम, कारण कॉक्सिएला बाधलेली शेळी वेळेवर, धट्टीकट्टी करडं देऊनही जंतू टाकते.

हातमोजे आणि मास्क घातल्याशिवाय तिच्या मागे बसू नका. करडाच्या नाकातोंडातला चिकटा कपड्याने पुसा. तोंडाने फुंकून किंवा ओढून काढायची जुनी पद्धत पूर्णपणे सोडा. करडू श्वास घेत नसेल तर छाती खरबरीत कापडाने चोळा, काडीने नाकात हलकी गुदगुली करा.

वार आपोआप पडू द्या. ओढू नका. ओढल्याने गर्भाशयाला इजा होते आणि तुमच्या अंगावर शिंतोडे उडतात. बारा तासांत पडली नाही तर डॉक्टरांना बोलवा. पडली की लगेच उचला, शेळीला खाऊ देऊ नका, कुत्रा-कावळ्याला तर दिसूही देऊ नका. बाधलेली वार खाल्लेला कुत्रा स्वतः बाधतो आणि तुकडे गावभर नेतो. पोत्यासकट सगळं दोन पिशव्यांत बांधा, खड्ड्यात टाका, वर चुना आणि मग माती.

आता जागा साफ करायची. कोरडं झाडू नका आणि पाइपाने जोरात पाणीही मारू नका. दोन्हींनी जंतू हवेत उडतात. आधी पाणी शिंपडून ओलं करा, लेंड्या आणि चिकटा फावड्याने उचला, आणि मग एक लिटर पाण्यात ३० ग्रॅम ब्लीचिंग पावडर या प्रमाणात द्रावण ओता, अर्धा तास तसंच राहू द्या. घाण असलेल्या जागेवर ब्लीचिंग ओतून उपयोग नाही, घाणच त्याची ताकद खाऊन टाकते. बूट त्याच द्रावणात बुडवा. गोठ्यातले कपडे गोठ्यातच काढा आणि घरच्या कपड्यांत न मिसळता वेगळे उकळा.

गाभडली तर

प्रत्येक गाभडणं रोगानेच होतं असं नाही. शिंगाची धडक, खुराकात कमतरता, तीव्र ताप, प्रवास यानेही गाभ जातो. पण कारण समजेपर्यंत तो सांसर्गिकच समजून वागायचं. एक शेळी गाभडली तर योगायोग असेल, महिन्याभरात दोन गाभडल्या तर वाट पाहू नका.

त्या शेळीला ताबडतोब वेगळं करा. तिला बांधलेल्या जागेवर दुसरी गाभण शेळी महिनाभर तरी आणू नका. मेलेलं करडू आणि वार पुरायची घाई या वेळी करू नका. निदानासाठी तेच सगळ्यात मोलाचं आहे. हातमोजे घालून करडू आणि वारेचा थोडा भाग दोन पिशव्यांत बांधा, बर्फाच्या डब्यात ठेवा आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला किंवा १९६२ या क्रमांकावर फोन करा. घरच्या फ्रिजमध्ये हे कधीच ठेवू नका. डॉक्टर करडाच्या पोटातलं पाणी, वारेवरच्या चकत्या आणि शेळीचं रक्त घेऊन प्रयोगशाळेला पाठवतात. पुण्यात औंधला पशुसंवर्धन विभागाचा रोग अन्वेषण विभाग आहे, नमुने दवाखान्यामार्फत तिथे जातात.

तुमच्यासमोर होणारी एक साधी चाचणी म्हणजे रोझ बेंगाल. पांढऱ्या फरशीवर रक्तजलाचा एक थेंब, शेजारी गुलाबी द्रवाचा एक थेंब, दोन्ही काडीने मिसळून चार मिनिटं हलकेच हलवतात. ब्रुसेलाविरुद्धचे प्रतिपिंड असतील तर गुलाबी द्रवात बारीक दाणे उमटतात, दही फाटल्यासारखे. चंद्रीच्या थेंबात ते दाणे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. गाईंसाठी जी दुधाची रिंग चाचणी करतात ती शेळीच्या दुधावर भरवशाची नाही, तिच्यावर विसंबू नका. एका शेळीचं रक्त पाठवून थांबू नका, बोकडासह सगळ्या मोठ्या जनावरांचं पाठवा.

ब्रुसेलाचा अहवाल आला की मोठा आणि जड निर्णय येतो. बाधित शेळीतून हा जंतू औषधाने खात्रीने जात नाही. पहिल्यांदा गाभडल्यावर पुढच्या वेताला ती बहुतेक वेळा नीट विते, आणि आपण म्हणतो, बरी झाली. ती बरी झालेली नसते, वितानाही जंतू टाकते. आमच्या पाच शेळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने कळपातून कायमच्या काढाव्या लागल्या. चंद्री माझ्या हातावर वाढलेली होती. पण ती आठवडी बाजारात नेऊन दुसऱ्या एखाद्या बाईच्या गोठ्यात पाठवायची, हे माझ्या हातून झालं नसतं. रोग गावोगाव असाच जातो, गाभडलेली शेळी "दूध कमी देते" म्हणून बाजारात विकून. जनावरांच्या संसर्गजन्य रोगांबाबतच्या २००९ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे असा संशय आला की कळवणं मालकाला बंधनकारकही आहे.

इंजेक्शनाबद्दल एक गैरसमज फार आहे. टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाची सुई दिली की क्लॅमिडियाने गाभडणाऱ्या कळपात पुढचे गर्भ काही प्रमाणात वाचतात, पण जंतू टाकणं थांबतंच असं नाही. सुई दिली म्हणून वेगळं ठेवणं सोडू नका, आणि सुईनंतर किती दिवस दूध वापरायचं नाही ते डॉक्टरांना विचारा.

लसीचंही तसंच. पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा साथीचा विषाणू रोग) आणि आंत्रविषार (आतड्यातल्या विषाचा रोग) यांच्या लसी गरजेच्याच आहेत, पण त्यांचा या गाभडण्याशी संबंध नाही. सरकारी मोहिमेत ब्रुसेलाची जी लस देतात ती गाई-म्हशींच्या ४ ते ८ महिन्यांच्या कालवडी-पारड्यांसाठी आहे. ती जिवंत लस आहे. आपल्या मनाने शेळीला टोचायची नाही, आणि तिची सुई स्वतःच्या बोटाला लागली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं.

किती दिवस वेगळं ठेवायचं

मेंढी गाभडल्यानंतर साधारण तीन आठवडे स्रावातून ब्रुसेला टाकते. शेळी दोन ते तीन महिने टाकू शकते. हा फरक लक्षात ठेवा, कारण बरेच जण मेंढीचा हिशोब शेळीला लावतात. नीट व्यायलेल्या, कसलाही संशय नसलेल्या शेळीलाही स्राव पूर्ण थांबेपर्यंत बाकीच्या गाभण शेळ्यांत सोडू नका. तिचं पाण्याचं भांडं वेगळं. रोज चारा-पाणी करताना आधी निरोगी कळप, शेवटी ती. उलट क्रम केलात तर बुटाला लागून जंतू तुम्हीच नेता.

रानात वाड्यावर (मेंढरांच्या तळावर) असणाऱ्या मेंढपाळांना खड्डा आणि वेगळा कोपरा जमत नाही, हे मला माहीत आहे. निदान एक करा. वार आणि मेलेलं कोकरू बांधावर किंवा ओढ्यात टाकू नका. फावडं बरोबर असतंच, जिथे बसाल तिथे खोल पुरा आणि ज्याच्या रानात मेंढरं बसवली आहेत त्याला जागा दाखवा.

लेंडीखत

लेंडीखताला भाव आहे आणि तो असलाच पाहिजे. फक्त विण्याच्या हंगामातलं खत ताजं विकू किंवा पसरू नका. ब्रुसेला कडक उन्हात काही तासांत मरतो, पण ओलसर सावलीत आठवडे, महिने टिकतो. कॉक्सिएला तर कोरड्या धुळीतही महिने जगतो. खत थोडं ओलं करून ढीग लावा, वर प्लास्टिकचा कागद झाका आणि तीन महिने कुजू द्या. ढिगात आतून चांगली उष्णता निर्माण होते, हात घालवत नाही इतकी. ट्रॉली भरताना वारा नसलेली वेळ बघा, तोंडाला मास्क लावा आणि ट्रॉली झाकून न्या. गाभडलेल्या शेळीचा सड या ढिगात मिसळायचाच नाही, तो पुरायचा.

दूध

उकळा. उतू येईपर्यंत, पूर्ण. डेंग्यूची साथ आली की शेळीचं कच्चं दूध प्यायल्याने प्लेटलेट वाढतात म्हणून लोक दारात भांडं घेऊन उभे राहतात, जास्तीचे पैसे देतात. मी देत नाही, उकळून देते. आधीच तापाने खचलेल्या माणसाच्या पोटात ब्रुसेला घालायचा, यात औषध कसलं? धार काढताना मांडीवर, हातावर चिरा-जखमा असतील तर झाकून घ्या.

नवीन जनावर आणताना

बाजारात गाभण शेळीला जास्त भाव मिळतो, आणि घेणाऱ्यालाही लवकर करडं मिळतील म्हणून तीच हवी असते. माझं मत उलट आहे. अनोळखी कळपातली गाभण शेळी हा सगळ्यात धोक्याचा सौदा. क्लॅमिडिया एका वेताला अंगात शिरतो, काही न दाखवता दबून बसतो आणि पुढच्या गाभणपणात शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत गाभ टाकायला लावतो. तोवर ती तुमच्या दारात असते. ओळखीच्या कळपातून पाटी (अजून न व्यालेली तरुण शेळी) घ्या, मालकाला तोंडावर विचारा की यंदा कोणाची गाभडली होती का, ३० दिवस वेगळं बांधा आणि त्या काळात रक्त तपासून घ्या.

गोठ्यात कोणी-कोणी जायचं नाही

गरोदर बाईने विण्याच्या हंगामात गोठ्यात पाऊलही ठेवू नये. हे तिन्ही जंतू गरोदर बाईला आणि पोटातल्या बाळाला धोक्याचे आहेत, क्लॅमिडियामुळे तर आईचाही जीव जाऊ शकतो. आपल्याकडे लेक बाळंतपणाला माहेरी येते आणि शेळ्यांचा गोठा बहुधा तिच्या आईच्याच हातात असतो. माझी नणंद सातव्या महिन्यात आली तेव्हा तीन शेळ्या विण्यावर होत्या. आम्ही शेळ्या मळ्यातल्या शेडवर हलवल्या, माझे गोठ्यातले कपडे तिकडेच राहिले आणि करडं कितीही गोड दिसली तरी ती तिच्या मांडीवर आली नाहीत. सासूबाईंना सुरुवातीला हे फार वाटलं. दोन-तीनदा समजावल्यावर पटलं.

हृदयाच्या झडपेचा आजार असलेल्यांनीही लांब राहावं, क्यू ताप त्यांच्या झडपेत जाऊन बसतो. लहान मुलं करडाला बाटलीने दूध पाजतात. कृषी पर्यटन केंद्रात तर मुलं त्यासाठीच येतात. तिथे बाजूला साबण आणि वाहतं पाणी हवंच, आणि हात धुतल्याशिवाय खाऊ हातात द्यायचा नाही.

माणसाला ताप आला तर

ब्रुसेलाचा ताप जंतू अंगात गेल्यावर एक ते चार आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनीही येतो. चढतो, उतरतो, रात्री घाम, सांधे आणि कंबर दुखते, पुरुषांना अंडाला सूज येऊ शकते. क्यू ताप साधारण दोन-तीन आठवड्यांनी येतो, जोरात डोकं दुखतं, खोकला होतो. दोन्ही टायफॉइड किंवा मलेरिया समजून निसटतात. ब्रुसेलाचा उपचार दोन औषधं मिळून सहा आठवडे चालतो. दहा दिवसांत बरं वाटतं म्हणून गोळ्या सोडल्या की तो परततो. मी पूर्ण ४२ दिवस घेतल्या, कॅलेंडरवर रोज फुली मारत.

डॉक्टर विचारतील याची वाट पाहू नका. खुर्चीत बसल्या बसल्या तुम्हीच सांगा: "डॉक्टर, माझ्या घरी शेळ्या आहेत, एवढ्या दिवसांपूर्वी एक गाभडली, मी वार हाताने काढली होती." आणि तारीख वहीतून बघून सांगा.